आर्देआचा उजवा पाय

आर्देआ ताम्पिएरीच्या नावातच मोटार होती. ती जन्मली त्या वर्षी तिचा बाप तेर्झो याच्या गॅरेजात त्याच नावाची एक छोटी काळी मोटार दुरुस्तीला आली आणि तेर्झो तिच्यावर भाळला. मोटार मालक घेऊन गेला, नाव तेवढं तेर्झोने ठेवून घेतलं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याने कुरकुर केली, की या नावाचा एकही संत स्वर्गात नाही. "मग जागा रिकामीच आहे की," असं म्हणून तेर्झोने पोरीचं डोकं पाण्याखाली धरलं. पुढे संतपणाची काही लक्षणं आर्देआत दिसली नाहीत. पण यंत्राचा आवाज ऐकून त्याचं कुठं दुखतंय हे सांगण्याची विद्या मात्र तिच्यात बापाकडून पुरेपूर उतरली.

कास्तेल रोन्को हे गाव म्हणजे एक उतरती गल्ली. वरच्या टोकाला ताम्पिएरींचं गॅरेज, खालच्या टोकाला चौक आणि चौकात नोर्माचा बार. गल्लीच्या मागे डोंगर, पुढे पीचच्या बागा. या मुलखात माणसं देवाला एक वेळ विसरतील, इंजिनाला विसरायची नाहीत. अशा गावात बाप गेल्यावर गॅरेज आर्देआने चालवलं तर त्यात नवल कुणाला वाटलं नाही. तिचं खरं काम ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकण्याचं. झाडाच्या बुंध्यावर वाळूची कातडी पिशवी ठेवून ती लाकडी हातोडीने पत्र्याला असा गोल आकार द्यायची, की लांबलांबचे लोक जुन्या गाड्यांची मोडकी अंगं घेऊन तिच्याकडे यायचे. गावात प्रत्येकाला टोपणनाव असायचंच. तिचं होतं हातोडी. लग्न दोनदा ठरलं, दोनदा फिसकटलं. दुसऱ्या नवरदेवाने विचारलं होतं, "मी की मोटारसायकल?" आर्देआला आधी तो प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती इतकी हसली, की उत्तर द्यायची गरज उरली नाही.

ती मोटारसायकल म्हणजे बोलोन्याची डुकाटी, साडेसातशे सीसी, पिवळी धमक. चौतिसाव्या वर्षी आर्देआने ती कोरी घेतली. अंग टाकीवर झोपवून चालवायची, किक मारताना जीव काढणारी आणि एकदा सुरू झाली की अख्ख्या गल्लीच्या खिडक्या थरथरवणारी. गियर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. तेव्हाच्या गाड्या तशाच असत. त्या गाडीला कधी दुसऱ्या कुणी किक मारली नाही. आर्देआ मारूच देत नसे. दुसऱ्याच्या पायाने सुरू झालेली गाडी आपली नव्हे, असं तिचं म्हणणं.

आता गावची चाल सांगायला हवी. जूनच्या शेवटी, संत पेत्रोच्या सणाला, गावातल्या जुन्या मोटारसायकली रांगेने घाट चढून वरच्या मातेच्या चर्चपर्यंत जात. तिथे पाद्री टाक्यांवर पवित्र पाणी शिंपडी. मग निखाऱ्यावरचं मटण, पातळ भाकऱ्या आणि तांबडी वाइन. ही चाल तेर्झोने पाडली. त्याचा नियम एकच होता: ज्या गाडीचा मालक सगळ्यात जास्त काळ बदललेला नाही, ती गाडी सगळ्यांच्या पुढे. तिला ओलांडून कुणी जायचं नाही. पुढचा वाटेत अडकला, तर पुढे कोण जाणार हे त्यानेच सांगायचं, आणि तो सांगेपर्यंत सगळ्यांनी गुमान उभं राहायचं.

तेर्झोनंतर हा मान अर्थातच आर्देआकडे आला. दुसरा नंबर इयादेर सावोरानीचा. इयादेर म्हणजे नगरपालिकेच्या जमीन खात्यातून निवृत्त झालेला, मिशीला पीळ देणारा, नियमांवर जीव टाकणारा गृहस्थ. गाव त्याला नोटरी म्हणे. त्याचीही गाडी हीच, फक्त लाल, आणि घेतलेली आर्देआनंतर तीन आठवड्यांनी. त्या तीन आठवड्यांपायी तो सणाचा सबंध घाट तिचा धूर खात चढायचा. तेर्झोनंतर मोटारसायकलवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष झाला तेव्हा त्याने नियमात एक भर घातली, की पुढे जाणारी गाडी मूळची, जशीच्या तशी असली पाहिजे. कुणी हरकत घेतली नाही. आर्देआची गाडी तर बोटाच्या ठशापर्यंत मूळची होती.

मग आर्देआ अंजिरं काढताना शिडीवरून पडली.

हाडं जुळली, पण उजवा घोटा जुळता जुळता एकसंध होऊन बसला. पाऊल वर-खाली होईना. मोठ्या शहरातल्या डॉक्टरने चित्र दाखवून समजावलं, "चालाल, बेताबेताने नाचालही. फक्त मोटारसायकल विसरा."

"नाचायचं होतं कुणाला?" आर्देआ म्हणाली.

दोन वर्षं पिवळी गाडी चादरीखाली उभी राहिली. दोन वर्षं इयादेर रांगेच्या पुढे गेला. सणाच्या दिवशी रांग गल्लीतून निघायची तेव्हा आर्देआ खिडक्या लावून घ्यायची आणि आवाज बुडावा म्हणून पत्रा बडवत बसायची. तिला रडू यायचं, आणि रडू येतंय याचा संताप यायचा. पायाचं तिला फारसं दुःख नव्हतं. पाय काय, सगळ्यांचेच कधी ना कधी जातात. पण आपण जिवंत असताना आपली गाडी चादरीखाली आहे, हे तिला सहन होत नव्हतं. संत पेत्रोच्या दिवशी त्याच गाडीवर, स्वतः, सगळ्यांच्या पुढे घाट चढायचा, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये अडगळ आवरताना तीच शिडी तिच्या हाताला लागली. ॲल्युमिनियमची, चांगली जाड. आर्देआ तिच्याकडे बराच वेळ खुनशीपणाने बघत राहिली आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. घोटा वाकत नाही, म्हणून उजवा पाय गियरची दांडी खालून उचलू शकत नाही. कबूल. पण मांडीत जोर आहे, टाच शाबूत आहे. दाबायला काय हरकत? म्हणजे ब्रेक उजवीकडे आणायचा. आणि गियर डावीकडे न्यायचा.

संध्याकाळपर्यंत बातमी बारमध्ये पोचली होती.

"ऐकतोय ते खरं का?" इयादेरने हातातले पत्ते टेबलावर पालथे घातले. "कापणार आहेस तिला?"

"कापणार, भोकं पाडणार, डाग देणार. आणखी काही राहिलं असेल तर सुचव."

"अगं, मूळची गाडी आहे ती! स्क्रूसुद्धा मूळचे!"

"माझा घोटापण मूळचाच होता, नोटरी. डॉक्टरने त्यात स्क्रू पिळले. मला कुणी गावाबाहेर काढलं?"

काउंटरमागे नोर्मा फिसकन हसली. इयादेरची मिशी थरथरली.

"बोलोन्यात शहाणी माणसं बसली होती. त्यांनी गियर उजवीकडे दिला, तो काय उगाच?"

"मला विचारायला आले नव्हते ते. आले असते तर सांगितलं असतं, की बाबांनो, मी अंजिरं फार खाते."

"हे बघ, मी नियम केलेला नाही..."

"तूच केलास."

"...आणि केला असला तरी नियम तो नियम. बदललेली गाडी पुढे जाणार नाही. यायचंच असेल तर शेवटी ये. नोर्माच्या ॲपेच्या मागे."

नोर्माची तीनचाकी ॲपे म्हणजे भाकऱ्या, वाइन आणि कोळसे लादून खोकत खोकत घाट चढणारा टेम्पो. तिच्या मागे जाणं म्हणजे निवांत गुदमरणं. आर्देआने तिची कॉफी एका घोटात संपवली.

"शेवटी कोण राहतं ते बघू," ती म्हणाली आणि लंगडत पण ऐटीत गल्ली चढून गेली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

काम सुरू झालं. दोन वर्षांत पेट्रोल कार्बुरेटरमध्ये चिकट होऊन बसलं होतं, ते तिने सुईने खरवडून काढलं. रबरं बदलली, तारा बदलल्या. इंजिनाच्या पोटातले दात एकेक करून चाचपले; ते मात्र ठणठणीत होते. मग करवत हातात घेतली. गियरच्या मूळ दांडीवर पातं ठेवताना तिचा हात थबकला, हे कुणाला दिसलं नाही ते बरं झालं. "माफ कर गं," ती गाडीला म्हणाली, "पण तुला चादर आवडत होती असं काही मला वाटत नाही." आणि कापली.

इंजिनाच्या मागून एक आडवा गज काढून उजवीकडचा गियर डावीकडे न्यायचा होता. पहिला गज इतका सैल झाला, की दुसरा गियर मागावा तर यायचा त्याच्या मर्जीने. दुसरा चौकटीला घासायला लागला. तिसरा तिने तापवून वाकवला आणि बसवला. खट्कन गियर पडला तेव्हा रिकाम्या गॅरेजात तिने स्वतःलाच शाबासकी दिली. ब्रेकच्या पेडलासाठी शिडीची पायरी कापली, ठोकून टाचेच्या मापाची रुंद, खोलगट केली आणि लोखंडी दांड्यावर घट्ट बसवली. शिडीने पाय घेतला होता. आता तिनेच भरून द्यावा असा साधा हिशोब. बसायची गादी जराशी खाली आणली, हँडल जरासं वर. टाकीच्या पिवळ्या रंगाला हात लावला नाही.

किकचा प्रश्न तेवढा उरला. ताठर घोटा त्या इंजिनाची उलटी लाथ सोसणार नव्हता. पण गॅरेज गल्लीच्या वरच्या टोकाला होतं, ही तेर्झोची कृपा. गाडी उतारावर सोडायची, दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडायचा, की झाली सुरू. चढावर बंद पडली तर काय, हा विचार आर्देआने केला आणि लगेच सोडून दिला. बंद पडू द्यायचीच नाही.

मेच्या अखेरीला एका रविवारी, गाव चर्चमधून परतून बारपुढच्या खुर्च्यांवर टेकलं असताना, गल्लीच्या वरून तो आवाज आला. माणसं उभी राहिली. दोन वर्षं कुणी तो ऐकला नव्हता. पिवळी गाडी गडगडत खाली आली, वर आर्देआ, चेहऱ्यावर विजय मावत नव्हता. चौक आला. तिने थांबण्यासाठी पाय दाबला.

डावा.

बावीस वर्षं तिचा ब्रेक डावीकडे होता. डोक्याला नवी रचना पाठ होती, पण पायाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या गाडीत पेडल खाली दाबलं की वरचा गियर पडतो. थांबायच्या ऐवजी गाडी तिसऱ्यात गेली, आर्देआने घाबरून आणखी जोराने दाबलं, ती चौथ्यात गेली, आणि हातातला पुढचा ब्रेक आठवेपर्यंत ती खुर्च्यांच्या दोन रांगा आणि पत्त्यांचं एक टेबल घेऊन बारच्या दारात जाऊन थांबली. इयादेर वेळेवर उडी मारून बाजूला झाला होता. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर वाइनचा भला मोठा डाग पडला होता.

"लागलं का?" नोर्मा धावली.

"गाडीला?" आर्देआने विचारलं.

"मूळची असती तर थांबली असती," इयादेर सदरा झटकत म्हणाला. "बोलोन्याची माणसं..."

"बोलोन्याच्या माणसांचं नाव काढलंस तर पुन्हा वरून येईन!" ती खेकसली. मग वाकून तिने शिडीच्या पायरीचं पेडल चाचपलं. ती हळूच म्हणाली, "गाडी बरोबर केली मी. पाय करायचा राहिला."

 मग नोर्माने उलटलेली खुर्ची सरळ केली आणि अचानक कानठळ्या बसतील अशी ओरडली, "ब्रेक!"

आर्देआचा डावा पाय फरशीवर आपटला.

"चूक," नोर्मा म्हणाली. "आता महिनाभर हेच."

गाव अशा कामाला कधी मागे हटत नाही. दुसऱ्या दिवसापासून आर्देआला उसंत मिळेना. पाववाल्याकडे पाव घेताना कुणी मागून ओरडे, "ब्रेक!" की हिने उजवा पाय आपटायचा. पोस्टात, केस कापायच्या दुकानात, दफनाच्या वेळी कबरस्तानात सुद्धा. पहिल्या आठवड्यात डावाच पाय पडायचा आणि लोक खुशीने चुकचुकायचे. पाद्री साऊरो तर कमाल माणूस. प्रसाद देताना त्याने तिच्या जिभेवर पवित्र चकती ठेवली, "ख्रिस्ताचं शरीर," असं म्हटलं आणि ओठ न हलवता पुटपुटला, "ब्रेक." आर्देआची उजवी टाच संगमरवरावर अशी आदळली, की मागच्या बाकावरची म्हातारी जागी झाली. "आमेन," पाद्री म्हणाला.

सगळ्यात चिवट निघाला इयादेर. त्याला यात काय सुख मिळत होतं देव जाणे. पत्ते खेळता खेळता तो ओरडायचा, खिडकीतून ओरडायचा, सायकलवरून जाता जाता ओरडायचा. नुसतं ओरडून त्याचं समाधान होत नसे. "उजवा, बाई, उजवा! असा!" म्हणत तो स्वतःचा उजवा पाय दाणकन आपटून दाखवायचा. टेबलावरचे ग्लास किणकिणायचे.

"फरशी फोडशील माझी," नोर्मा करवादायची.

"शिकवतोय तिला."

"तुला एवढा कळवळा कधीपासून?"

"कळवळा नाही. अध्यक्ष आहे मी. माझ्या रांगेत अपघात नको," इयादेर म्हणायचा आणि पुन्हा, "ब्रेक!" दाणकन.

महिना संपता संपता आर्देआचा उजवा पाय झोपेतसुद्धा आपटू लागला. तिने तीनदा चौकापर्यंत गाडी आणली आणि तीनदा रेघेवर थांबवली. आता तिला कशाचीच भीती राहिली नव्हती. फक्त इयादेरने नियम काही सोडला नव्हता.

सणाच्या सकाळी रांग लागली. सगळ्यात पुढे इयादेर, लाल गाडीवर, मिशी ताठ. मग बाकीचे. मग नोर्माची ॲपे, भाकऱ्यांच्या टोपल्या आणि वाइनचे कॅन लादून. आणि तिच्या मागे, निळ्या धुरात, आर्देआ.

"खोकला आला तर हात कर," नोर्मा आरशात बघत ओरडली.

"तू चालव. मी मागून ढकलेन," आर्देआ ओरडली. खरं तर तिला ते झोंबत होतं. बापाची चाल, बापाचा घाट, आणि आपण भाकऱ्यांच्या मागे. पण गाडी पायाखाली धडधडत होती आणि ती स्वतः तिच्यावर होती. गेली दोन वर्षं हेही नव्हतं. तिने मान वर केली.

घाटाच्या तिसऱ्या वळणाच्या पुढे बागेतून एक कच्चा रस्ता येऊन मिळतो. पीचचा हंगाम. त्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर, मागे क्रेट रचलेला गाडा, काही न बघता सरळ डांबरावर आला. कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "ब्रेक!"

रांगेच्या शेवटी आर्देआची उजवी टाच शिडीच्या पायरीवर बसली. तिने काही ठरवलं नव्हतं, तिच्या ध्यानात यायच्या आतच गाडी जागच्या जागी थांबली होती. "शाब्बास रे," ती पायाला म्हणाली.

रांगेच्या पुढच्या टोकाला इयादेरनेही उजवा पाय दाबला. महिनाभर दिवसातून शंभरदा आपटला होता तो, दाणकन, जीव लावून. पण त्याची गाडी मूळची होती. तिथे उजवीकडे गियर होता.

लाल गाडीने वरचा गियर घेतला, उसळी मारली, ट्रॅक्टरला वळसा घातला आणि इयादेरसकट रस्त्याकडेच्या पाटाच्या चिखलात शिरली.

सगळ्या गाड्या थांबल्या. आर्देआ गाडी बंद करून स्टँडवर लावून लंगडत पुढे धावली. सगळ्यांच्या आधी तीच पाटात उतरली. चढावर इंजिन बंद केलं, आता ते आपल्याला सुरू करता येणार नाही, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. इयादेर कमरेइतक्या चिखलात बसला होता, मिशीपर्यंत बरबटलेला, कुठेही न खरचटलेला.

"माझा ब्रेक गेला कुठं?" तो भांबावून म्हणाला.

"उजवीकडे शोधत होतास, नोटरी. तुझा डावीकडे आहे."

वर आधी एक जण हसला, मग सगळी रांग. नोर्मा तर ॲपेच्या स्टीअरिंगवर डोकं टेकून रडत हसत होती. आर्देआला मात्र हसू आलं नाही. तिने हात दिला, तो धरून तो वर आला आणि काठावर बसून चिखल थुंकला. लाल गाडीचं पुढचं चाक वाकलं होतं.

आता कुणीच पुढे जाईना. तेर्झोची चाल होती. पुढच्याने सांगेपर्यंत उभं राहायचं. इयादेर बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला.

"आर्देआ, तू हो पुढे," तो म्हणाला.

"अध्यक्ष, नियम?" मागून कुणीतरी विचारलं. "गाडी मूळची नाही तिची."

"नियम तेर्झोचा होता. मालक बदललेला नसावा, बस्स. 'मूळची' हा शब्द मी घातला." त्याने बाहीने मिशी पुसली. "तीन आठवडे, आर्देआ. तीन आठवड्यांपायी जन्मभर तुझा धूर खाल्ला मी. मला वाटलं, कधीतरी तुझा एखादा स्क्रू बदलेल."

 आर्देआचा राग जागच्या जागी निवला, आणि त्याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"गाडी बंद केलीय मी," ती म्हणाली. "इथे चढ आहे."

 त्या पिवळ्या गाडीला दुसऱ्या कुणी किक मारायची नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आर्देआने दोघांच्या मदतीने गाडी ढकलत रांगेच्या पुढे आणली, वर चढून बसली आणि इयादेरकडे पाहिलं.

"ये. त्या पायाने आज काहीतरी सरळ काम कर."

इयादेर उठला. चिखलाचा बूट त्याने पाटाच्या गवतावर नीट पुसला, किकवर ठेवला आणि आपला उजवा पाय जीव लावून, दाणकन खाली आणला. पहिल्याच लाथेला इंजिन पेटलं. डोंगर गडगडला. आवाजावर आवाज चढवून तो तिच्या कानाशी ओरडला, "आता चर्चपर्यंत ब्रेकबिक काही लावू नकोस!"

तिने डावा पाय उचलून पहिला गियर टाकला आणि घाट चढू लागली. तिच्या मागे सगळी रांग निघाली, आणि सगळ्यात शेवटी नोर्माची ॲपे. तिच्यात भाकऱ्यांच्या टोपल्यांमध्ये बसून, चिखल वाळलेल्या मिशीने, इयादेर सावोरानी पुढचा पिवळा ठिपका दिसतोय का ते बघत होता.